एक यंत्र, अनेक सत्रे : संगणकाच्या सामाईक वापराचा इतिहास आणि शहापूर-मुरबाड

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रांची जंत्री देण्याची पद्धत रूढ आहे. कोणते यंत्र कोणत्या साली उभे राहिले, त्याची स्मृती किती होती, ते कोणत्या संस्थेत होते, एवढे सांगितले म्हणजे इतिहास पुरा झाला अशी समजूत दिसते. हा इतिहास यंत्राच्या मालकाच्या बाजूने लिहिलेला असतो. यंत्र वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास निराळे प्रश्न उभे राहतात. एका यंत्रावर एकाच वेळी किती माणसांस काम करता येत होते? ते कोणाच्या परवानगीने? आणि प्रत्येकाच्या कामाची नोंद कोणाच्या नावे होत होती? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने संगणकाच्या सामाईक वापराचा मागोवा घ्यावयाचा आहे, आणि त्याची कसोटी शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत लावून पाहावयाची आहे.

हे दोन तालुके निवडण्यास कारण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात जे सात तालुके उरले, त्यांत ग्रामीण म्हणता येतील असे मुख्यतः हे दोनच. भारतात संगणकाचे आरंभीचे प्रयोग ज्या मुंबईत झाले, तिच्यापासून हे तालुके फार दूर नाहीत. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही शहापूर तालुक्यातील स्थानके उपनगरी गाडीने मुंबईस जोडलेली आहेत. तरीही मुंबईच्या यंत्रावरील एक आसन या तालुक्यांतील माणसापर्यंत पोचण्यास अर्धशतक लागले. ते पोचले ते कोणत्या रूपात, हा या लेखाचा मुख्य विषय होय.

१. पाळीची कल्पना

एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करणे म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. संगणकाचा एक प्रक्रियक एका क्षणी एकच आज्ञा पाळतो, असे सोयीसाठी धरू. मग दहा माणसांस एकाच वेळी काम करता येते ते कसे? याचे उत्तर देणारा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे. तो शब्द म्हणजे 'पाळी'. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाटाचे पाणी एकेका फडास पाळीने दिले जाते आणि पाटकरी ती पाळी राखतो. यंत्राचा वेळही असाच पाळीने वाटता येतो. प्रत्येक वापरणाऱ्यास काळाचा एक लहानसा तुकडा मिळतो, तो संपताच यंत्र त्याचे अर्धे काम जसेच्या तसे बाजूस ठेवून पुढच्याकडे वळते, आणि फेरी पुरी करून पुन्हा त्याच्याकडे येते. पाण्याची पाळी तासांची किंवा दिवसांची असते, म्हणून शेतकऱ्यास आपण थांबलो आहोत हे ठाऊक असते. यंत्राची पाळी सेकंदाच्या लहानशा अंशाची असते, म्हणून प्रत्येकास ते यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असा भास होतो. या व्यवस्थेस इंग्रजीत टाइम-शेअरिंग म्हणतात. पुढील विवेचनात 'कालविभागणी' हा शब्द योजला आहे. तसेच एका माणसाने यंत्रात प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंत यंत्राने त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या कार्यावकाशास 'सत्र' म्हटले आहे.

या कल्पनेचे जनकत्व एकास देणे कठीण आहे. जॉन मॅकार्थी यांनी १ जानेवारी १९५९ रोजी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एक टिपण लिहून तेथे येऊ घातलेले यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे असे सुचविले. त्याच वर्षी जूनमध्ये युनेस्कोने पॅरिस येथे भरविलेल्या परिषदेत ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी मोठ्या वेगवान संगणकातील कालविभागणीवर निबंध वाचला. मात्र दोघांचा अर्थ एक नव्हता. यंत्रावर एक मोठे काम चालू असता दुसऱ्याने शेजारी बसून आपल्या कार्यक्रमातील चुका शोधाव्यात, एवढाच मुख्यतः स्ट्रेची यांचा आशय होता. अनेक माणसे, प्रत्येकाचे स्वतंत्र सत्र, ही कल्पना मॅकार्थी यांच्याकडे अधिक स्पष्ट आहे. पुढील इतिहासात ही दोन टोके वारंवार भेटतात. यंत्राचा वेळ फुकट जाऊ नये ही एक प्रेरणा, आणि माणसास यंत्राशी प्रत्यक्ष व्यवहार करता यावा ही दुसरी.

फर्नांडो कोर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये याच संस्थेत कालविभागणीचे पहिले प्रात्यक्षिक दाखविले. या प्रणालीच्या इतिहासातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. एकाच यंत्रावर अनेकांच्या फायली राहू लागताच कोणती फाईल कोणाची हा प्रश्न उपस्थित झाला, आणि त्याच्या उत्तरादाखल संगणकावर परवलीचा शब्द आला. एकट्याच्या यंत्रास परवलीची गरज भासली नव्हती. ती सामाईक वापरातून जन्मास आली. १९६२ च्या वसंत ऋतूत ॲलन शेर या संशोधकाने आपल्या वाट्याचा यंत्रवेळ अपुरा पडतो म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची फाईलच छापून घेतली आणि इतरांच्या नावे यंत्र वापरले. वेळ अपुरा, आसने मोजकी, म्हणून दुसऱ्याच्या नावे सत्र उघडणे हा प्रकार कालविभागणीइतकाच जुना आहे. पुढे शहापूर-मुरबाडकडे येताना हे स्मरणात ठेवावयाचे आहे.

१ मे १९६४ रोजी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ यांची प्रणाली सुरू झाली. विज्ञानाचा विद्यार्थी असो वा वाङ्मयाचा, प्रत्येकास यंत्रावर बसता यावे हा त्यांचा हेतू होता, आणि त्यासाठीच त्यांनी बेसिक ही सोपी भाषा रचली. सामाईक वापराचा उद्देश येथे काटकसरीपलीकडे जाऊन शिक्षणाशी जोडला गेला.

२. मुंबईची यंत्रे

याच काळात मुंबईत काय स्थिती होती? टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० मध्ये पूर्णपणे कामास लागले. त्याच्या स्मृतीत ४० द्वयंकांचे २०४८ शब्द मावत. त्यानंतर १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन बनावटीचे मोठे यंत्र आले व देशातील अनेक संस्थांची कामे त्यावर होऊ लागली. म्हणजे एक यंत्र व अनेक वापरकर्ते ही स्थिती मुंबईत १९६४ पासून होती. परंतु ती कालविभागणी नव्हती. संशोधकाने पत्त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यावयाचा, यंत्रचालकाने तो रांगेत लावावयाचा आणि छापील उत्तर नंतर घ्यावयाचे, अशी ती रीत होती. गठ्ठ्यात एक स्वल्पविराम चुकला तरी सारी खेप वाया जाई. वापरणारा आणि यंत्र यांच्यामध्ये खिडकी होती, व खिडकीमागे चालक होता.

ही खिडकी दूर करणारी व्यवस्था १९७० च्या दशकात आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास केंद्रात डेक-१० ही कालविभागणीची प्रणाली होती. टर्मिनलसमोर बसून आपल्या हाताने आज्ञा द्यावी व उत्तर तत्काळ पडद्यावर पाहावे, हा अनुभव तेथे येणाऱ्यांस मिळाला. पुढे हे केंद्र जुहू येथे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या नावाने स्वतंत्र झाले व २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले.

सामान्य माणसाचा या व्यवस्थेशी पहिला संबंध मात्र प्रयोगशाळेत आला नाही. तो आला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे आणि १९८७ मध्ये मुंबईत संगणकीय आरक्षण सुरू झाले. अनेक खिडक्यांवरचे कारकून एकाच यंत्रावर एकाच वेळी काम करू लागले, आणि एकच शायिका दोघांस दिली जाऊ नये म्हणून ती नोंद क्षणभर एकाच्याच हाती राखण्याची योजना त्यात होती. १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. कारकून कल्याणचा आणि गाडी हावड्याची, तरी शायिका तत्काळ मिळू लागली. पण येथेही यंत्रावर सत्र होते ते कारकुनाचे. प्रवाशाचे नाव नोंदीत येई, सत्रात येत नसे. हा भेद बारीक वाटेल, परंतु आपल्या विषयाचा गाभा तोच आहे.

३. एक माणूस, एक यंत्र

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि सामाईक वापराची परंपरा खंडित झाल्यासारखी झाली. यंत्र स्वस्त झाले, तेव्हा पाळी कशासाठी, असा विचार पुढे आला. वस्तुतः विद्यापीठांतील युनिक्स प्रणालीत अनेकांची सत्रे अखंड चालू होती, आणि १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथेच निघालेल्या एक्स विंडो प्रणालीने एका यंत्रावरील चित्रमय फलक दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटविण्याची सोय केली होती. परंतु कचेऱ्यांत व शाळांत जी प्रणाली पोचली ती मायक्रोसॉफ्टची, आणि ती एका माणसासाठी रचलेली होती.

तिच्यात सामाईक वापर परत आला तो सिट्रिक्स या कंपनीमार्फत. या कंपनीने १९९५ मध्ये विंडोज एनटीवर अनेक सत्रे चालविणारी प्रणाली विकावयास काढली. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते तंत्र परवान्याने घेतले आणि १९९८ मध्ये आपली टर्मिनल सर्व्हर आवृत्ती प्रसिद्ध केली. आज ज्यास रिमोट डेस्कटॉप म्हणतात त्याचा हा आरंभ होय. यात कार्यक्रम चालतो दूरच्या यंत्रावर. वापरणाऱ्याकडून कळफलकाचे व माऊसचे ठोके तिकडे जातात, आणि तिकडून पडद्यावर झालेले बदल इकडे येतात. हाताखालचे यंत्र जुनेपुराणे असले तरी चालते. तार मात्र अखंड असावी लागते.

यानंतरचा भाग इतिहासाच्या विद्यार्थ्याने काळजीपूर्वक पाहण्यासारखा आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये दूरस्थ प्रवेशाची सोय देण्यात आली, पण एका वेळी एकालाच. दुसरा आत आला की पहिल्याचा पडदा बंद होतो. हे यंत्राच्या दुर्बलतेमुळे होते काय? तसे दिसत नाही. त्याच प्रणालीत एकाचे सत्र तसेच ठेवून दुसऱ्याने त्याच यंत्रावर आपले सत्र उघडण्याची सोय होती. म्हणजे अनेक सत्रे सांभाळण्याची क्षमता तिच्यात होती. २००४ च्या दुसऱ्या सुधारणा-संचाच्या चाचणी आवृत्तीत एकाहून अधिक समकालीन सत्रांची सोय दिसली होती, आणि अंतिम आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. पुढे काही जाणकारांनी मूळ फायलींत फेरफार करून ही मर्यादा उठविली. ते चालते, यावरूनच मर्यादा कोठे होती ते कळते. परंतु असा फेरफार परवान्याच्या अटींत बसत नाही व प्रणालीच्या पुढच्या सुधारणेबरोबर तो मोडतो. रीतसर मार्ग सर्व्हर आवृत्तीचा. तिच्यात देखभालीसाठी दोन सत्रे मिळतात. त्यापुढे प्रत्येक वापरणाऱ्यासाठी किंवा प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र प्रवेश-परवाना घ्यावा लागतो, आणि तो न घेतल्यास १२० दिवसांच्या सवलतीनंतर दार बंद होते. १९६१ मध्ये पाळीची मर्यादा यंत्राच्या वेगाने ठरली होती. २००१ मध्ये ती परवान्याने ठरू लागली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची अनेक-सत्री आवृत्ती देऊ केली, तीही आपल्या मेघ-सेवेपुरती.

परवान्याच्या या वाटेस पर्यायही निघाले. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने एका चांगल्या यंत्रावर वर्गातील सारे जुने संगणक चालविण्याची विनामूल्य व्यवस्था दिली. २००८ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील हजारो शासकीय शाळांत एका संगणकास अनेक पडदे व कळफलक जोडण्याची योजना एनकम्प्युटिंग या कंपनीच्या उपकरणांनी राबविण्यात आली. गरीब प्रदेशात सामाईक वापर हाच स्वाभाविक मार्ग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

४. दप्तर आणि सर्व्हर

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. महाराष्ट्राच्या खेड्यात सर्वांत महत्त्वाची सामाईक नोंद म्हणजे गाव नमुना सात-बारा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने व १९७१ च्या नियमांनी तिची रचना ठरविली. हक्कातील बदल प्रथम फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, तलाठ्याने लिहावयाचा, हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची, आणि हरकत नसल्यास मंडल अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करावयाची, असा हा क्रम आहे. संगणकशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही वही एक-सत्री होती. एका वेळी एकच हात तिच्यावर चालत असे, आणि कोणाचा हात चालला ते अक्षरावरून व सहीवरून कळत असे. तलाठी सज्जावर नसला की सत्र बंद.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. आरंभी नोंदी तहसील कचेरीतील यंत्रांवर होत्या. म्हणजे यंत्र तालुक्याचे व रांगही तालुक्याची. २०१० नंतरच्या दशकात ई-फेरफार प्रणालीने हे चित्र पालटले. राज्यभरातील तलाठी व मंडल अधिकारी दूरच्या सामाईक सर्व्हरवर एकाच वेळी काम करू लागले, आणि प्रत्येकास आपल्या नावाची अंकीय स्वाक्षरी मिळाली. १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचा सात-बारा लोकांस उपलब्ध झाला. डोळखांबचा खातेदार आपला उतारा कोठूनही काढू शकतो, ही सोय लहान नव्हे. शहापूरला जाण्याचा एक दिवस व त्या दिवसाची मजुरी त्यामुळे वाचते.

परंतु पाळीची जागा बदलली. पूर्वी खातेदार तलाठ्याच्या दारी थांबे. आता तलाठी सर्व्हरच्या दारी थांबू लागला. दिवसा राज्यभरातील सत्रे एकाच वेळी उघडली म्हणजे यंत्र मंदावते. म्हणून रात्री किंवा पहाटे नोंदी करण्याची रीत राज्यभर पडली, आणि 'सर्व्हर डाऊन' हा शब्द मराठी खेड्याच्या बोलीत रुजला. येथे एक भौगोलिक विपर्यास नोंदविण्यासारखा आहे. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ पासून मुंबईस पाणी पुरविते आणि भातसाही त्याच तालुक्यात आहे. तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याच्या बाबतीत हा प्रदेश उगमाशी असून तहानलेला आहे. माहितीच्या बाबतीत उगम शहरांत आहे व हा प्रदेश पाटाच्या शेपटास आहे. दोन्हीकडे साठा किती याहून पाळी कोण ठरवितो हा प्रश्न मोठा आहे.

दुसरी संस्था ग्रामपंचायत. २०११ मध्ये राज्यात 'संग्राम', म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामपंचायतीत संगणक व संगणक परिचालक आला. २०१५ अखेर तो संपून २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्र' ही व्यवस्था आली. त्याच २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस मंजुरी मिळाली होती. या व्यवस्थेत राज्याच्या सर्व्हरवर हजारो सत्रे एकाच वेळी चालतात. पण गावाच्या वाट्यास येते ते एक सत्र, आणि ते परिचालकाच्या नावे असते. उत्पन्नाचा दाखला असो, जन्माची नोंद असो किंवा योजनेचा अर्ज असो, सारा गाव त्या एका सत्रातून जातो. यंत्राच्या बाजूने मोजले तर वापरणारा एक, गावाच्या बाजूने मोजले तर हजार-दोन हजार.

याचा परिणाम हक्कावर होतो. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला. ही मुदत अर्जाच्या नोंदीपासून मोजावयाची असते. सर्व्हरने उत्तर दिले नाही, सत्र उघडले नाही, तर अर्जाची नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही तर मुदतीचे घड्याळ सुरूच होत नाही. वाडीवरून चालत आलेला माणूस त्या दिवशी केंद्रावर आला होता याचा कोणताही पुरावा मागे राहत नाही. जुन्या कचेरीत निदान आवक-बारनिशीत अर्जाचा क्रमांक पडे. यंत्राच्या रांगेत उभा असलेला, पण आत न शिरलेला माणूस यंत्राच्या लेखी अस्तित्वात नसतो.

एका ठिकाणी मात्र खेड्यातील माणसाच्या स्वतःच्या नावाने व्यवहार उघडतो, ते म्हणजे रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र. तेथे त्याचा अंगठाच परवलीचा शब्द होतो. दुसऱ्याच्या नावे सत्र उघडण्याचा शेर यांच्या काळापासूनचा प्रकार येथे कठीण झाला, हे खरेच. पण कातकरी वा ठाकूर मजुराचा अंगठा वीटभट्टीवर झिजलेला असेल, किंवा त्या क्षणी संपर्क तुटला असेल, तर नाव असूनही दार उघडत नाही. नावाचे सत्र मिळणे आणि ते चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. पष्टेपाडा आणि धसई

या दोन तालुक्यांत सामाईक वापराचे दोन प्रयोग राज्यभर गाजले. त्यांचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही.

पहिला प्रयोग शाळेचा. खेड्यातील शाळेत संगणक एक व मुले अनेक, ही स्थिती सर्वत्र होती. बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन शाखेत उदयसिंग पवार, जोयोजीत पाल व केंटारो टोयामा यांनी २००६ मध्ये या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. एका संगणकाभोवती मुले जमली की माऊस एकाच्याच हाती राहतो आणि बाकीची पाहत राहतात, हे त्यांनी टिपले, आणि एकाच यंत्रास अनेक माऊस जोडून प्रत्येक मुलास पडद्यावर आपला निराळा बाण देण्याचा उपाय करून पाहिला. दूरस्थ सत्राची ही अगदी जवळची आवृत्ती म्हणता येईल. यंत्र एक, पडदा एक, हात अनेक. पुढील दशकात शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी एका संगणकाचा पडदा प्रक्षेपकाने मोठा करून तो मुलांच्या स्पर्शास खुला केला. ही शाळा महाराष्ट्रातील पहिली डिजिटल जिल्हा परिषद शाळा म्हणून ओळखली गेली आणि राज्यभरातील शिक्षक ती पाहून गेले. तेथे यंत्राच्या संख्येत भर पडली नाही, यंत्रासमोरची जागा वाढली. पाळी होतीच, पण ती वर्गाने डोळ्यांसमोर राखलेली पाळी होती, आणि कोणाची पाळी आली नाही हे साऱ्या वर्गास दिसत होते.

दुसरा प्रयोग बाजाराचा. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली आणि १ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले. बँक ऑफ बडोदा व वीर सावरकर प्रतिष्ठान यांच्या प्रयत्नाने दुकानदारांस कार्डयंत्रे मिळाली, आणि तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार या कार्यक्रमास उपस्थित होते. धसईच्या बाजारपेठेवर आसपासच्या अनेक गावांचा व वाड्यांचा व्यवहार चालतो. कार्डयंत्र म्हणजे दूरच्या बँकेच्या यंत्रावर उघडणारे काही क्षणांचे सत्र होय. भाजीवाल्याचे सत्र आणि मुंबईतील मोठ्या दुकानाचे सत्र बँकेच्या यंत्रापुढे समान पाळीत उभे राहिले, हे ऐतिहासिक दृष्ट्या लक्षणीय आहे. पुढील काळात तेथे रोकडीचा व्यवहार पुन्हा वाढल्याचे वृत्तान्त वृत्तपत्रांतून आले. त्यावरून प्रयोग फसला असा झटपट निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. रोख नोटेला सत्र लागत नाही आणि तार लागत नाही. ज्या प्रदेशात तारेचा भरवसा नाही तेथे माणूस दोन्ही वाटा मोकळ्या ठेवणारच.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सांगता येतात.

पहिली, संगणकाचा सामाईक वापर हा अपवाद नाही. 'एक माणूस, एक यंत्र' हे १९८१ नंतरचे एक मधले पर्व होते. त्याच्या आधी कालविभागणी होती, आणि आज बँक, रेल्वे, सात-बारा व शिधा हे सारे पुन्हा दूरच्या सामाईक यंत्रावर आहे.

दुसरी, समकालीन वापरणाऱ्यांची मर्यादा पाळीपाळीने यंत्राने, परवान्याने आणि तारेने ठरविली आहे. त्यांपैकी यंत्राची मर्यादा सर्वांत आधी दूर झाली. उरलेल्या दोन मर्यादा माणसांनी घातलेल्या आहेत, आणि म्हणून त्या इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या कक्षेत येतात.

तिसरी, वापरणाऱ्यांची गणती सत्रांवरून केली तर शहापूर-मुरबाडसारख्या प्रदेशाचे चित्र विपरीत दिसते. १९६४ मध्ये मुंबईचा संशोधक खिडकीबाहेर गठ्ठा घेऊन उभा होता. आज वाडीवरचा माणूस परिचालकाच्या खिडकीबाहेर कागद घेऊन उभा आहे. संशोधकास खिडकीतून आत येण्यास एक दशक पुरले. हा माणूस अजून दुसऱ्याच्या सत्रातून बोलतो, आणि त्याच्या थांबण्याची नोंद कोठेच नाही.

शेवटी साधनांविषयी एक सूचना. तलाठ्याचे दप्तर शंभर वर्षांनीही वाचता येते. सर्व्हरवरील सत्रांच्या नोंदी मात्र ठरावीक काळानंतर पुसल्या जातात. कोणत्या गावाचे सत्र किती वेळा उघडले, किती वेळा मध्येच तुटले, याचा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे. या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी परिचालकांच्या रोजनिशा, केंद्रांवरील क्रमांकाच्या चिठ्ठ्या, पोच-पावत्या, आणि रांगेत उभे राहिलेल्यांच्या तोंडी साक्षी आताच जमविण्यास लागावे. यंत्राने ज्यांची नोंद केली नाही त्यांचा इतिहास यंत्रात सापडणार नाही. तो किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई येथे जाऊन माणसांकडूनच मिळवावा लागेल.